आलं काय वं?

"आलं काय वं?"

डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून ही हाक आली की समजायचं, काका गाडीची चाकं पुढची मागे करून आले आहेत. काका चाकापाशी उकिडवे बसलेले असायचे आणि काकू गाडीत, डाव्या सीटवर. आतून उत्तर यायचं, "आलं जी!" काकांची उभी हयात कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेली होती आणि कान निम्मे तिथेच राहिले होते. त्यामुळे हा संवाद सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. रविवारची झोप मोडली म्हणून मी अंथरुणात कितीदा तरी चरफडलो आहे.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, गाडी चालवतो कमी आणि तिच्याभोवती फिरतो जास्त. आमचे काका मूळ अकोल्याकडचे. आधी टायरला लाथ मारून पाहायचे, मग वाकून, मग पुन्हा लाथ. "तिला लागत असेल हो," असं मी एकदा म्हटलं, तर त्यांना ऐकूच गेलं नाही.

पण ती जुनी गाडी त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड कामरेजकडच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचं. ठरल्या वेळेला पोचलं नाही तर मशीन दुसऱ्याला देत. "गाडी रस्त्यात उभी नाही राह्यली पाह्यजे," एवढंच काका म्हणायचे. जिन्यात, दूधवाल्यापाशी, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा.

म्हणून त्यांनी सेन्सर बसवले. चाकात हवा भरतो त्या नळीवर टोपणासारखे फिरवून बसवायचे, आणि समोर काचेपाशी एक छोटासा स्क्रीन. कुठल्या चाकात किती हवा आहे ते त्यावर दिसतं. ते आकडे वाचायचं काम काकूंचं. "ते खातं तिच्याकडं हाये," काका सांगायचे. काकू हसायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा बराच सुजलेला असायचा.

एकदा टायरवाल्यानं पुढची चाकं मागे केली, त्यांच्याबरोबर सेन्सरही गेले, आणि स्क्रीनला काही कळवलं नाही. दवाखान्याच्या वाटेवर स्क्रीन ओरडू लागला, मागचं डावं. काका पेट्रोल पंपावर उतरले, मागच्या डाव्यात हवा भरली. ओरडणं थांबेना. खरं तर पुढचं डावं बसत चाललं होतं, काकूंच्या पायाखालचं. पुलापलीकडे ते पार बसलं. त्या दिवशी मशीन दुसऱ्याला गेलं आणि काकू दोन दिवस धापा टाकत पडून राहिल्या.

तेव्हापासून चाकं बदलली की सेन्सरची जुळवणी घरी व्हायची, दोघांनी मिळून. काकू स्क्रीनवर चाक निवडायच्या, काका त्या चाकाचं टोपण काढून पुन्हा फिरवायचे आणि विचारायचे. आकडा दिसला की काकू ओरडायच्या. अंगात जीव नसायचा, पण त्या आवाजाला कधी कमी पडल्या नाहीत.

काकूंचा जीव घरीच गेला. सकाळी, दवाखान्याला निघायच्या आधी, चप्पल पायात घालताना. मी वर गेलो तर काका दारातच बसले होते. म्हणाले, "हवा त बरोबर होती न सर. चारही चाकायची."

पुढे गाडी तशीच उभी राहिली. काकांनी गावी भावाकडे जायचं ठरवलं आणि बारडोलीचा एक जण गाडी घ्यायला आला. उभी राहून टायर खराब झाले होते म्हणून त्यानं आधी गाडी टायरवाल्याकडे नेऊन ते बदलून आणले; सेन्सरची टोपणं इकडची तिकडे झाली. काका लगेच खाली बसले. तो घाईत होता. "काका, एना वगर चालशे," म्हणाला, म्हणजे त्याच्याशिवाय चालेल.

"तुमच्या घरचे बसतीन न ह्याच्यात," काका म्हणाले. आत वाकून त्यांनी स्वतःच स्क्रीनवर चाक निवडलं, मागे गेले, टोपण फिरवलं आणि हाक मारली.

"आलं काय वं?"

गाडीत कुणी नव्हतं. ते थांबले. आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तो बारडोलीवाला माझ्याकडे बघू लागला. मी दार उघडून डाव्या सीटवर जाऊन बसलो. समोर आकडा आलेला होता.

"आलं," मी म्हणालो.

"जोरात सांगा न."

"आलं जी!" मी ओरडलो. तो 'जी' कसा आला ते मला माहीत नाही.

काका दुसऱ्या चाकाकडे वळले, मी स्क्रीनवर ते चाक निवडलं. मग तिसरं. शेवटचं पुढचं डावं, माझ्या दाराशी. तिथे त्यांना काचेतून सीट दिसत होती. त्यांनी टोपण फिरवलं, आकडा आला, पण विचारलं नाही. मी हळूच उतरलो.

गाडी फाटकाबाहेर गेली तरी ते तिथेच उकिडवे बसून होते, जणू चाक अजून समोरच आहे. मी हात धरून उठवलं तेव्हा म्हणाले, "सर, तुमचा आवाज लहान पडते."