पट्टीवरचा शब्द

सत्यशीलाबाई गजभिये कुणावर चटकन विश्वास ठेवत नसत, आणि याचं त्यांना भूषण होतं. दुधाची पिशवी त्या दाबून बघत, रिक्षाचं मीटर पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टेकून बसत नसत. उगाच नव्हतं ते. लग्न होऊन भंडाऱ्याहून पुण्यात आल्यावर त्यांनी एकतीस वर्षं नारायण पेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये मराठी टंकलेखन शिकवलं. कुठल्या बोटाला कुठलं अक्षर जड जातं हे पाहून दोनशे धड्यांचं सरावाचं पुस्तक तयार केलं. ते छापून आलं तेव्हा वर नाव क्लासच्या मालकांचं होतं. आत आभारात 'इतर कर्मचारी' एवढीच बाईंची बोळवण. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून पीत आल्या.

टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला, आणि साठीला टेकलेल्या बाईंना हडपसरच्या एका छोट्या कंपनीने बोलावलं. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने भराभर मराठी लिहिता येईल असा कीबोर्ड तिथे बनत होता. कुठलं अक्षर कुठे बसवायचं हे सांगणारं जाणतं माणूस त्यांना हवं होतं. बाई कर्वेनगरहून दोन बस बदलून जाऊ लागल्या. मांडणी चांगली ठरली तर तिला 'गजभिये मांडणी' असंच नाव द्यायचं, असं मालक अनिरुद्धने कबूल केलं होतं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं, सहीसकट.

त्यांची कामाची रीत वेगळी होती. मोबाइलच्या आकाराचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर कीबोर्ड छापलेला कागद चिकटवायचा, समोरच्याचे अंगठे शाईच्या पॅडवर दाबायला लावायचे आणि त्याला पुठ्ठ्यावर लिहायला सांगायचं. अंगठा खरोखर कुठे पडतो ते कागदावर निळं उमटे. माणूस थापा मारतो, शाई मारत नाही, असं बाई म्हणत. नवा कीबोर्ड हातात आला की जो तो आधी स्वतःचं नाव लिहितो, हेही त्यांनी अशा शंभर कागदांवर पाहिलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये शेजारणींना बसवून त्यांनी मांडणी पक्की केली. मुळाक्षरं उजवीकडे, काना-मात्रा-वेलांट्या डावीकडे. एक अंगठा अक्षर देणार, दुसरा त्याला मात्रा लावणार, अगदी टाइपरायटरच्या तालात.

शेजारच्या टेबलावर उत्कर्षा बसे. वय सव्वीस, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. बाहेर जाऊन लोकांकडून चाचण्या करून घेणं तिच्याकडे होतं, आणि कीबोर्डच्या वरची शब्द सुचवणारी पट्टीही तिचीच. एखाद्या शब्दानंतर आपण नेहमी जे लिहितो ते ही पट्टी ध्यानात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून समोर करते.

"म्हणजे मी काय लिहिते यावर पाळत?" बाईंनी विचारलं होतं.

"पाळत कसली, बाई. फोन तुमची सवय शिकतो. बाहेर काही जात नाही."

"असं सगळेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

चाचणीचे आकडे आले आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस माणसांनी त्यांच्या मांडणीवर साध्या कीबोर्डच्या दुप्पट चुका केल्या होत्या. दुप्पट! हॉलमध्ये शेजारणी कशा सुरेख लिहीत होत्या. इथे नक्की काहीतरी काळंबेरं होतं. मग बाईंना एकेक दिसू लागलं. उत्कर्षा शाईचे कागद पिशवीत घालून घरी नेते. बाई जवळ गेल्या की लॅपटॉप मिटते. परवा फोनवर "गजभिये" म्हणाली आणि बाईंना पाहताच जिना उतरून गेली. पुस्तकासारखंच होणार, दुसरं काय! मांडणी पाडायची आणि चार अक्षरं हलवून स्वतःच्या नावावर खपवायची.

भंडाऱ्याच्या धाकट्या बहिणीला, शैलाला, त्या रोज बसमधून मेसेज करू लागल्या, तेही आपल्याच नव्या कीबोर्डवर. उत्कर्षा लबाड आहे. उत्कर्षा आतल्या गाठीची आहे. उत्कर्षा चोरटी आहे, तू बघच. तीन आठवडे हेच. शेवटी गुरुवारी त्यांनी अनिरुद्धलाही मेसेज केला, की उत्कर्षाने आकड्यांत फेरफार केला आहे.

"खरं असेल तर ती सोमवारपासून इथे नसेल," अनिरुद्धने फोन करून सांगितलं. "मी शुक्रवारी बाहेर आहे. पुरावा मिळाला की कळवा. काही वेगळं निघालं तरी कळवा, नाहीतर त्याच संध्याकाळी तिला फोनवर सांगून टाकतो."

शुक्रवारी सकाळी बाई पॅड आणि पुठ्ठे घेऊन थेट हडपसरच्या भाजीबाजारात गेल्या. इथेच उत्कर्षाने चाचणी घेतली होती. मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या वेणूबाईंपुढे त्यांनी पुठ्ठा धरला आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "सरळ बसा. दोन्ही हात घ्या."

"दोन हात?" वेणूबाई हसल्या. "एका हातात तराजू हाय, बाई. दोन्ही रिकामे असते तर मी फोन कशाला बघितला असता, झोपले नसते का?"

त्यांनी उजव्या हातात पुठ्ठा धरला आणि त्याच हाताच्या अंगठ्याने लिहिलं. वेलांटीसाठी अंगठा डावीकडे ताणला, पोचला नाही, भलत्याच अक्षरावर पडला. पुढे नारळवाला, मग पिशव्या सांभाळणारी एक मुलगी, मग बसच्या दांड्याला लटकायच्या तयारीत असलेला गडी. अकरा कागद झाले. अकराही कागदांचा डावा वरचा कोपरा कोरा होता.

बाई कट्ट्यावर बसल्या. हॉलमधल्या शेजारणी नीट लिहीत होत्या, कारण बाईंनीच त्यांना क्लाससारखं ताठ बसवलं होतं. आकडे खरे होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ऑफिसात उत्कर्षा एकटीच होती. बाईंनी अकरा कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ते पाहिले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर बाईंचीच मांडणी होती, एका अंगठ्याच्या टप्प्यात गोळा केलेली. वर लिहिलं होतं, 'गजभिये मांडणी, दुसरी'.

"तुमचे कागद घरी नेऊन यावरच बसले होते," ती म्हणाली. "पहिली पडली हे तुम्हाला कसं सांगावं कळेना. आधी दुरुस्त करून दाखवावी म्हटलं. द्या फोन, तुमच्यात टाकते."

बाईंनी फोन दिला. उत्कर्षाने मांडणी चढवली, फोन एका हातात धरला आणि सगळे करतात तेच केलं, आधी स्वतःचं नाव लिहिलं. बाईंना आठवलं तेव्हा उशीर झाला होता. नावापुढे पट्टीवर तीन शब्द आले. लबाड. चोरटी. आतल्या.

उत्कर्षाने तिन्ही शब्द वाचले. मग तिने फोन टेबलावर ठेवला.

"पट्टी छान चालतेय," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत अनिरुद्धला कळवणं भाग होतं. त्यांनी तिथेच उभ्याने फोन उचलला. 'उत्कर्षा' लिहिलं. पट्टीने लगेच लबाड पुढे केलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांना 'निर्दोष' लिहायचं होतं, आणि तो शब्द पट्टीवर येत नव्हता, कारण त्यांनी तो आजवर कुणाबद्दलच लिहिला नव्हता. उत्कर्षाच्या पाठीमागे उभं राहून बाईंनी तो एका अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत लिहिला.