गुणी बाळाची गोळी

आमचे हे धारवाडात वकिली करत आणि उरलेल्या वेळात दारूबंदीचं काम. वकिली बेताची असल्यामुळे उरलेला वेळ भरपूर होता. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, तरी व्यसनांबद्दल सगळ्यात जास्त बोलणं आमच्याच घरी व्हायचं.

माझी थोरली मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. सगळे तिला गुणी म्हणत, कारण ती रडायची नाही. रडणार कशी? न्हाऊमाखू घातलं की तिला रोज बाळगोळी मिळायची. हुबळीला दुर्गदबैलातल्या एका दुकानात तिची पुडी मिळे. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून चाटवली की बाई चार तास कामाला मोकळी. तीत अफू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला अफू कुणी म्हणत नसे. अफू खाणारे लोक निराळे. आमची पोरं औषध घेत होती.

एका रविवारी दुपारी ह्यांनी सभा आमच्याच सोप्यात ठेवली. चाळीस माणसांची कॉफी माझ्या गळ्यात पडणार म्हणून मी मुलीला आधीच गोळी देऊन ठेवली. थोरल्या नणंदेला, म्हणजे अक्कांना, वाटलं की गडबडीत मी विसरले. त्यांनीही दिली. आमटीत मीठ घातलं का, हे आम्ही एकमेकींना रोज विचारत असू. गोळीचं कधी विचारलं नव्हतं.

सभा झकास झाली. नशेपायी धुळीला मिळालेल्या संसारांचं ह्यांनी असं वर्णन केलं, की बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांतल्या एकीने मागच्या खोलीत डोकावून मुलीचं कौतुकही केलं. म्हणून मी तिला उचलायला गेले, तर मान लटकली. ओठ निळसर दिसत होते. मी किंचाळले.

सभेला एक डॉक्टर आले होते. ते धावत आत आले.

"एन कोट्टीरि? काय दिलंत हिला?"

"काही नाही हो," अक्का म्हणाल्या. "जायफळ, वेखंड, मुरुडशेंग."

एक सोडून सगळं सांगितलं. दारात हे उभे होते आणि ह्यांच्या मागे सगळी सभा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं त्या नजरेत होतं, आणि त्याबद्दल मी ह्यांना पुढे कधी माफ केलं नाही.

"अफू," मी म्हटलं. "एक गोळी."

"दोन," अक्का हळूच म्हणाल्या. "एक मीही दिली."

डॉक्टरांनी तिला झोपू दिलं नाही. तळवे चोळले, गार पाण्याचे हबके मारले, कोरी कॉफी थेंबथेंब पाजली. दिवेलागणीला ती रडली. मग मीही रडले.

त्यानंतर ती आठ दिवस रडत होती. हे कानांत कापूस घालून पुढचं भाषण लिहीत बसले. आठव्या दिवशी शेजारच्या बाई आल्या. सभेत त्या पुढेच बसल्या होत्या.

"गोळ्या संपल्या वाटतं," असं म्हणून त्यांनी कनवटीच्या दोन माझ्या हातावर ठेवल्या.

मी त्या लगेच फेकल्या असं सांगायला मला आवडलं असतं. मुलगी टाहो फोडत होती आणि मी मूठ मिटून सहाणेपाशी बराच वेळ उभी होते. शेवटी त्या मोरीत टाकल्या, आणि मन बदलू नये म्हणून वरून दोन तांबे पाणी ओतलं.