जाधव बाईंच्या टबावरची फळी

"दुकानातून आलात ना? मग आधी हे बघा," असं म्हणून जाधव बाईंनी माझ्यापुढे एक पुस्तक धरलं. ते फुगून दुप्पट जाड झालं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली. "ग्रंथालयाचं आहे. पाट घसरला."

पाट म्हणजे आपला जेवायला बसायचा लाकडी पाट. बाई तो बाथटबवर आडवा टाकत, त्यावर पुस्तक ठेवत आणि गरम पाण्यात बसून वाचत.

मी महाडमधल्या एका सॅनिटरीवेअरच्या दुकानात फिटिंगचं काम बघतो. नळ, बेसिन, कमोड, गीझर. बाथटबची गिऱ्हाइकं आमच्याकडे क्वचितच येतात. पोलादपूरकडच्या घरांत तर टब जवळपास नाहीच. म्हणून बाईंचा फोन आला तेव्हा शेठ म्हणाले, "टब आपण विकला नाही. ट्रेसाठी एवढ्या लांब कशाला जातोस? ऑनलाइन मागवा म्हणावं."

"मागवला होता. बसत नाही म्हणतात."

"मग नसेल बसत."

तरी मी गेलो. त्या बाजूला एक गीझरची कम्प्लेंट होतीच.

बाईंचं घर पोलादपूरच्या पुढे, महाबळेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर एका वाडीच्या टोकाला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. मिस्टर एमआयडीसीतल्या कंपनीत होते, ते वारले. मुलगा मस्कतला. त्यानं हे घर बांधलं आणि आईनं जन्मभर मोरीत आंघोळ केली म्हणून हौसेनं टब बसवला. बाईंनी वर्षभर त्यात गोधड्या भिजवल्या. मग कंबर धरली. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, तेव्हा टब कामाला आला.

"अर्धाच भरते," बाई घाईनं म्हणाल्या. जणू मी पाण्याचा हिशेब विचारायला आलो होतो. "आणि ते पाणी नंतर अळवाला घालते."

"मी कुठं काय म्हटलं?"

"नाही, लोक म्हणतात." मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मोरे, या घरात चार खोल्या आहेत. सगळ्या रिकाम्या वाटतात. बाथरूम तेवढी लहान आहे. तिथं बरं वाटतं."

मी टेप काढली.

बाथटब ट्रे म्हणजे टबाच्या दोन काठांवर टेकणारी फळी. त्यावर पुस्तक, चष्मा, चहाचा कप ठेवायचा. प्लॅस्टिकचा ट्रे हलका असतो, पण जाड पुस्तक ठेवलं की मधे वाकतो. बांबूचा ट्रे दोन्ही बाजूंनी ओढून लांब करता येतो. बाईंनी ऑनलाइन मागवलेला तसाच होता. मी तो टाकून बघितला आणि गोम कळली. टबाच्या सपाट काठाला आम्ही रिम म्हणतो. बाहेरच्या बाजूची रिम चांगली रुंद होती. पण टब भिंतीला लागून बसवलेला, आणि टाइल्स रिमवर आलेल्या. त्यामुळे भिंतीकडे जेमतेम दीड इंच जागा उरली होती. ट्रेचं टोक तिथं नुसतं टेकायचं. ओला हात लागला की सटकायचं.

"म्हणजे याला इलाज नाही?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. मापानं करून घेऊ."

मी ओळखीच्या सुताराकडून सागवानी फळी करून घेतली. हातभर रुंद. खालच्या अंगाला दोन लाकडी गुटके, म्हणजे छोटे ठोकळे, लावले, टबाच्या आतल्या बाजूंना घट्ट टेकतील असे. गुटके वरून स्क्रूनं पक्के केले. आता फळी इकडेतिकडे हलणं शक्यच नव्हतं. वर पुस्तक उभं राहायला खाच. पॉलिश केलेलं. बसवली, हलवून बघितली, दोन्ही हातांनी उचलून बघितली, परत बसवली. ढिम्म.

बाईंनी तिच्यावरून हात फिरवला. "शाळेतल्या बाकासारखी झाली," म्हणाल्या. खूश होत्या. मीही खूश होतो. दुकानात शेठना फोटो दाखवला. ते म्हणाले, "हे काम आपलं नाही. पण झालंय छान."

हे उन्हाळ्यात झालं.

जुलैत मी परत पोलादपूरला एका साइटवर होतो. दुपारचे दोन वाजून गेले असतील. बाईंचं घर तिथून जवळच, फळीचं कसं चाललंय विचारावं, म्हणून फोन केला. उचलला नाही. दहा मिनिटांनी परत केला. तरी नाही. बाई फोन न उचलणाऱ्यांतल्या नव्हत्या. उलट पहिल्या रिंगला उचलायच्या, आणि ठेवायला वेळ लावायच्या.

मी गाडी वळवली.

पुढचं दार आतून बंद. बेल वाजवली. कुणी आलं नाही, पण आतून आवाज येत होता. बाईंचाच. त्या मोठ्यानं काहीतरी वाचत होत्या. एकेक वाक्य सावकाश, वर्गात वाचावं तसं.

शेजारची सुमन पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "बाईंकडे कुणी आलंय का?"

"नाय वो दादा. कोन येनार? त्या वाचतात मोठ्यानं. रोजचं हाय त्यांचं. घरात कुनी नाय तरी वाचतात."

"कधीपासून वाचतायत?"

सुमन थबकली. सूप खाली ठेवलं. "अग बाय! सकालचं जेवान झालं आमचं, तवापासनं चालूच हाय. आज लय वेल झाला."

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही आत गेलो. बाथरूमच्या दाराशी उभा राहून मी हाक मारली. वाचणं बंद झालं.

"कोण, मोरे?" आवाज घोगरा झाला होता. "आत येऊ नका हं. फळी अडकलीय. मला उठता येत नाही."

झालं होतं ते असं. सुतारानं फळीला वरून पॉलिश केलं, गुटके कोरेच ठेवले. मी ते बघितलं होतं. खालची बाजू दिसते कुणाला, म्हणून सोडून दिलं होतं. पावसाळ्याची दमट हवा आणि रोजची वाफ, दोन्ही त्या कोऱ्या लाकडात मुरलं. गुटके फुगले. नखाएवढेही नसतील, पण मी ते आधीच इतके घट्ट बसवले होते की तेवढं पुरलं. बाईंनी आत बसून फळी जोरानं दाबली, आणि ती मांड्यांवर पाचर ठोकल्यासारखी बसली. पाय जवळ घेता येईनात, आणि पाय घेतल्याशिवाय त्या कंबरेनं उठणं शक्य नव्हतं. फोन खोलीत. पाणी गार झालं तेव्हा त्यांनी पायाच्या अंगठ्यानं बूच काढलं. तेव्हापासून त्या कोरड्या टबात अंगावर टॉवेल घेऊन बसून होत्या.

मी सुमनला टॉवेल, चादर आणि माझा स्क्रूड्रायव्हर देऊन आत पाठवलं. दार लोटून बाहेर उभा राहिलो.

"फळीवर स्क्रू दिसतायत?"

"दिसतायत. इकडं दोन, भितीकडं दोन."

"भिंतीकडचे राहू दे. तुझ्या बाजूचे दोन काढ. डावीकडे फिरव."

"फिरत नाय वो!"

"वरून जोर दे. अंग टाक त्याच्यावर."

आतून काही वेळ फक्त सुमनच्या धापा ऐकू येत होत्या. मग बाई म्हणाल्या, "सावकाश, सुमन. हाताला लागेल." तीन तास अडकलेली बाई दुसरीच्या हाताची काळजी करत होती. मी भिंतीला डोकं टेकलं.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. गुटका टबात पडल्याचा आवाज आला.

"आता फळी तुझ्या बाजूनं वर उचल."

"निघाली! निघाली गो बाई!"

बाई चादर गुंडाळून बाहेर आल्या तेव्हा ओठ निळसर पडले होते. सुमननं चहा केला. मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. पण तुम्ही हाका का नाही मारल्या? सुमन पडवीतच होती."

बाईंनी कप दोन्ही हातांत धरला होता. "मारणार होते. पण हाक मारायला नाव लागतं, मोरे. नुसतं 'कुणी आहे का' म्हणायचं जिवावर आलं. आणि सुमनला दोन वर्षांत मी कधी हाक मारलेलीच नाही. येता-जाता हसतो आम्ही, तेवढंच. मग वाटलं, वाचत बसू. एवढा वेळ वाचतेय म्हटल्यावर कुणाच्या तरी लक्षात येईल."

सुमन खाली बघत राहिली. "मला वाटलं, रोजचं हाय," ती पुटपुटली.

"तुझं काय चुकलं त्यात? रोजचंच आहे."

निघताना बाईंनी बजावलं, "मस्कतला कळवू नका. तो टब काढायला लावेल."

मी कळवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जाऊन भिंतीला स्टीलचा ग्रॅब बार बसवला. ग्रॅब बार म्हणजे धरून उठायचा दांडा. सागवानी फळी मी तिथून उचलून दुकानात परत आणली. टबाबाहेर, हाताच्या अंतरावर, प्लॅस्टिकचं उंच स्टूल ठेवलं. त्यावर चष्मा आणि फोन. पुस्तकासाठी जुना बांबूचाच ट्रे घेतला, भिंतीकडच्या टाइलला एक पट्टी लावून त्याला टेकायला जागा केली, आणि बोटभर फट राखली. तो एका हातानं उचलला जातो. थोडा हलतो. हलू दे.

हे सगळं करायच्या आधी मी कपडे आणि मोजे घालून त्या कोरड्या टबात बसलो. पाय लांब केले. तेव्हा समजलं की उभ्यानं दोन्ही हातांनी सहज उचलली जाणारी फळी बसलेल्या माणसाला अर्धीही उचलत नाही. मी तेवीस वर्षं फिटिंग करतोय, आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर बसून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी विचारलं, "वाचन चालू आहे ना?"

"चालू आहे. पण आता मनात वाचते. सुमनला सांगून ठेवलंय, माझा आवाज ऐकू आला तर लगेच यायचं." मग म्हणाल्या, "घर फार गप्प झालंय. पण सोय झाली."

त्यानंतर मी दोन घरांत टबाचं काम केलं. दोन्हीकडे माप घ्यायच्या आधी बूट काढून टबात बसलो. गिऱ्हाईक हसतं. शेठनाही ते पसंत नाही, दुकानाची शोभा होते म्हणतात. मी बसतो.