लोट बे, लोट!

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझा उजवा कान आपोआप लाल होतो. कसूर त्याचीच होती.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बुलडाणा जिल्ह्यात फौजदार म्हणून बदली झाली तेव्हा माझ्या मिशीचा दरारा असा होता, की मी मोटारसायकल स्टँडवर लावेपर्यंत खामगावचे पाकीटमार आपणहून पाकिटं परत करत. अशा गड्याला मोताळा तालुक्यातल्या एका दोन अक्षरी शब्दानं चारी मुंड्या चीत केलं.

हद्दीतल्या एका मोठ्या गावात ग्रामपंचायतीची सभा चालू होती. विषय नळाच्या पाइपलाइनचा, आधी कोणत्या गल्लीत टाकायची याचा. आत सदस्य भांडत होते, बाहेर दोन्ही गटांचे लोक. मग खुर्च्या उडाल्या. फिर्यादीत अकरा खुर्च्या मोडल्याचं लिहिलंय; ग्रामपंचायतीत खुर्च्या होत्या एकूण सात. मोडली नाही ती एकच गोष्ट, सरपंचबाईंचा आवाज. पण या धुमाळीत ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई डोकं फुटून पडला. त्याला बेशुद्धावस्थेत मलकापूरच्या दवाखान्यात हलवलं.

संध्याकाळी ठाण्यात एक गावकरी आला. म्हणाला, "सायेब, म्या माह्या कानानं ऐकलं. चाचा वरडले, 'लोट बे, लोट!' अन् शिपाईबुवा पडले."

चाचा म्हणजे सभेतले एक सदस्य, गावचे शिंपी. दोन्ही गटांत दोन्ही समाजांची माणसं होती, पण एव्हाना मोबाइलवर भांडणाला भलताच रंग चढला होता. अर्धी दुकानं बंद. चाचांना आणलं तर त्यांच्या शर्टावर रक्त! मी शर्ट जप्त केला आणि समोर बसवलं.

"चाचा, 'लोट' म्हणालात?"

"हाव सायेब, म्हनलो ना."

"एकदाच?"

"दोनदा. पयल्यांदा त्याले ऐकूच नाही आलं."

चाळीस वर्षं नोकरी करावी आणि असा सरळ कबुलीजबाब मिळावा! आमच्या ठाण्याच्या चहानं दगडसुद्धा बोलते होत, पण हा तर चहा यायच्या आधीच बोलला. मी अटक दाखवली, स्टेशन डायरीला नोंद केली. चाचांना वाटत होतं, सभेत गोंधळ घातला म्हणून आत घेतलंय. मला वाटत होतं, सगळं उमगलंय. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायचं होतं. ते एकदा झालं, की 'शिंप्यानं शिपायाला ढकलायला लावलं' हे गावाच्या कपाळावर कायमचं लिहिलं जाणार होतं.

सकाळी सरपंचबाईंचा फोन आला. "सायेब, आज आम्ही पंचायतीत प्रार्थना ठेवली. शिपाईबुवासाठी, अन् आमच्याबी डोक्यासाठी. तुम्ही या. बंदोबस्ताले नाही, बसाले."

गेलो. सगळे सदस्य मांडी घालून बसलेले. पुजारीबुवा म्हणाले, "देवा, आमच्यात एकी ठेव. सभेत हात उचलायच्या आधी हात जोडायची बुद्धी दे." मशिदीतल्या हाफिजजींनी दुआ मागितली, "या अल्लाह, इस पंचायत के दिलों में नरमी दे." 'आमीन' इतकं जोरात झालं, की खामगावच्या कापूस-जिनिंगच्या भोंग्यानं त्या दिवशी रजा टाकली असावी. पुजारीबुवांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा.

तेवढ्यात बाहेरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत आला. सरपंचबाईंनी डोळे न उघडता दाराशी बसलेल्या बदली शिपायाला फर्मावलं, "लोट बे, लोट!"

मी ताडकन उभा राहिलो. "कोणाला लोटायला सांगताय?"

बाईंनी एक डोळा उघडला. "कवाड, सायेब. प्रार्थनेत मानसं लोटतात काय?"

आमच्याकडेही दार लोटतात. पण दाराचं नाव घेऊन. इथं 'लोट' म्हटलं की कवाड आपलं आपण समजून घेतं! मी पुढे होऊन कवाड बंद केलं आणि त्याची आतली बाजू पाहिली. काल पंचनामा करताना ते उघडं, भिंतीला टेकलेलं होतं. मी खुर्च्या मोजत बसलो, मागे डोकावलोच नाही. कपाळाच्या उंचीवर लोखंडी कडी, कडीला वाळलेलं रक्त आणि दोन पांढरे केस.

लगेच पंच बोलावले, पुन्हा पंचनामा केला. दुपारी मलकापूरहून निरोप आला, शिपाई शुद्धीवर आहे. मी धावलो. म्हातारा पुटपुटला, "चाचा म्हनले लोट, म्हून म्या लोटत होतो. भायेरून रेटा आला, कडी कपायात बसली." मग विचारलं, "चाचाचा शर्ट खराब झाला असंन ना? त्यायनंच मांडीवर डोकं घेतलं होतं माहं."

बाहेरून रेटा देणारे दोघं निघाले. एक या गटाचा, एक त्या गटाचा. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी तेवढं काम मात्र खांद्याला खांदा लावून केलं होतं. त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली. चाचांना पुराव्याअभावी बंधपत्रावर सोडलं आणि कोर्टाला तसा अहवाल दिला.

या केसनं मला एक धडा दिला. त्या गावकऱ्यानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: चाचा ओरडले, आणि शिपाई पडला. त्यांच्यामधला 'म्हणून' मात्र मी घातला. गावं पेटतात ती या 'म्हणून'नं. खोट्याला पोलीस पकडू शकतो. दोन खऱ्यांमध्ये घुसलेल्या 'म्हणून'ला पकडायला आधी स्वतःचा कान धरावा लागतो.

तो मी लॉकअपसमोर, हवालदाराच्या देखत धरला. "चाचा, चुकलं माझं."

"जाऊ द्या सायेब. मराठी कच्ची हाये तुमची," चाचा बाहेर येत म्हणाले. चार पावलं गेले, थांबले, रिकाम्या कोठडीकडे वळून हवालदाराला म्हणाले, "आता लोट बे."

त्यानं मुकाट्यानं दार लावलं. काय लोटायचं, हे त्याला विचारावं लागलं नाही. तो इथलाच होता.