ऑस्ट्रियातली बाई मी ताईला दिलीच नाही

थांबा, आधी हे ऐका. आत्ताच सांगायला पाहिजे, कारण आमच्याकडे चारला लाईट जाते, आत्ता साडेतीन होऊन गेलेत, आणि एकदा का स्क्रीन काळी झाली की मी हे परत कुण्णाला सांगणार नाही. मला माझी गॅरंटी आहे.

दुपारी दोनला पुण्याहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

"अगं, आम्ही परत युरोपला चाललोय! मागच्या वेळी तू ज्या वेबसाईटवर तिकडच्या लोकांना विचारलं होतंस ना, तिचा पासवर्ड दे. ह्या वेळी मीच विचारते."

"हो देते. शोधावा लागेल."

शोधायचा काय! पाठ आहे तो मला. प्रॉब्लेम असा की त्या अकाउंटच्या आत एक बाई आहे आणि ती मी ताईपासून तीन वर्षं लपवून ठेवलीय.

पहिल्यापासून सांगते. युरोप माझा होता. घरात सगळ्यांना माहीत होतं हे. मामाचा टोमॅटो-फ्लॉवरचा मळा आहे, त्याला औषधांच्या दुकानातून दर वर्षी कॅलेंडर मिळायचं, आणि का कोण जाणे, किडीच्या औषधाच्या जाहिरातीखाली कायम स्वित्झर्लंडचे डोंगर असायचे. वर्ष संपलं की मामा ती पानं मला आणून द्यायचा. माझ्या कपाटाचं दार आतून उघडलंत तर अख्खा आल्प्स चिकटवलेला. सातवीत मी युरोपचा नकाशा न बघता काढायचे, नद्यांसकट. आणि ताई? वणीच्या गडाचा घाट लागला की प्लास्टिकची पिशवी मागणारी ताई! भूगोलात काठावर पास!

तर तिचं लग्न झालं, दाजींना कंपनीनं दोन महिने जर्मनीला पाठवलं, शेवटी पंधरा दिवस सुट्टी मिळाली, ताईचा व्हिसा झाला आणि ठरलं की दोघं रेल्वेनं पाच देश फिरणार. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स. मी तेव्हा बारावीला होते. ताईनं बातमी सांगितली तेव्हा मी "वाऽऽ!" म्हटलं. इतकं मोठ्यानं की बाबांनी पेपर खाली केला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. हे पण कुणाला माहीत नाही. चला, आज सगळंच.

वर ताई म्हणते कशी, "तुझं टायपिंग फास्ट आहे ना, तूच विचार गं त्या लोकांना. मला ते इंग्लिश लिहायचं जिवावर येतं."

"काय विचारू?"

"सगळंच. काय बघायचं, कुठं व्हेज मिळेल. प्यायला गरम पाणी मिळतं का विचार. आणि कुकर न्यावा का?"

"ताई, तू आल्प्सवर शिट्ट्या मोजणारेस?"

"हस तू. ह्यांना वरण-भात लागतो."

म्हणजे बघा. जायचं तिनं, अभ्यास मी करायचा.

गंगापूर रोडला तेव्हा एक सायबर कॅफे होता, प्लायवूडचे खण पाडलेला, पंखा फक्त मालकाच्या डोक्यावर. क्लास सुटला की मी तिथं. अकाउंट ताईच्या नावानं काढलं आणि लिहिलं, आम्ही नाशिकचं नवीन लग्न झालेलं जोडपं, पाच देश, पंधरा दिवस, तिथं राहणाऱ्यांनी कृपया सांगा. कुकरचं विचारलं नाही.

आणि उत्तरं आली! दुसऱ्या दिवशी नऊ! इटलीतल्या एकानं सांगितलं की गाडीत चढायच्या आधी तिकिटावर स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारा, विसरू नका. पॅरिसच्या एका मुलानं लिहिलं, टॉवरवर चढण्यात वेळ घालवू नका, नदीच्या पुलावर ब्रेड घेऊन बसा. मला काय झालं सांगू? ती माणसं माझ्याशी बोलत होती ना! दर दोन वाक्यांना "तुम्ही दोघं" म्हणत होती, तेवढं मी वाचायचेच नाही.

मग ती बाई आली. ऑस्ट्रियातली, शाळेतून रिटायर झालेली, तळ्याकाठच्या एका छोट्या गावात एकटी राहणारी. तिनं लिहिलं, सगळे टुरिस्ट ज्या गावाला जातात तिथं जाऊच नका, दोन स्टेशन आधी उतरा, आमच्याकडे. तळं तेच, गर्दी नाही. मी थँक्यू लिहिलं. तिनं विचारलं, तुमचं गाव कसं आहे? झालं. मी सुटलेच. सोमेश्वरचा धबधबा, द्राक्षं, मामाचा मळा, आईच्या हातची मिसळ, सगळं तिला लिहिलं. पण ताई बनून! "माझे मिस्टर फार चहा पितात," असं मी, सतरा वर्षांची, प्लायवूडच्या खणात बसून लिहायचे. तिला आपली लिपी बघायची होती, म्हणून पेंटमध्ये माऊसनं वाकडंतिकडं "नमस्कार" काढून पाठवलं. महिनाभर रोज मेल, त्याच अकाउंटवर. एक दिवस तिनं लिहिलं, दोघं घरी या, मी सफरचंदाचा रोल करते, तुम्ही अंडं खाता का?

आता इथं मी काय केलं ते नीट वाचा.

ताईसाठी सगळ्या टिप्सच्या प्रिंट काढल्या, देशाप्रमाणे फाईल लावली. शिक्का, पूल, व्हेज हॉटेलं, सगळं. ही बाई ठेवली नाही. मुद्दाम. पाच देश तुला, दाजी तुला, फोटो तुला, मग अख्ख्या युरोपात एक माणूस माझं असलं तर काय बिघडलं? असंच म्हटलं मनात, शब्द न् शब्द आठवतोय.

आणि बाईला लिहिलं, हो, नक्की येऊ.

आता तुम्ही म्हणाल, कशाला लिहिलंस? अहो, पण आपण म्हणतोच की! आमच्या समोरच्या काकू कित्येक वर्षं आईला म्हणतायत, "या ना एकदा निवांत." आई म्हणते, "येते की, ह्या रविवारी नक्की." रविवारी आई घरी, काकू त्यांच्या घरी, कोणी पोहे भिजवत नाही, कोणाला राग येत नाही. तेच मी केलं. तिनं विचारलं कुठल्या दिवशी, मी ताईचं टाईमटेबल बघून लिहिलं, गुरुवारी. तिनं विचारलं कुठल्या गाडीनं, तर ती पण लिहिली. मला वाटलं, नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि गुरुवार आला की तिचं तिला कळेल.

ते दोघं गेले. गुरुवारी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. मला बाईची आठवणसुद्धा झाली नाही, खरं सांगते. मी फक्त ताईवर जळत होते, की ती आत्ता तळं बघत असेल आणि तिला त्याचं नावसुद्धा नीट म्हणता येत नसेल.

सोमवारी कॅफेत गेले तर मेल. बाई स्टेशनवर आली होती. शेजाऱ्याची गाडी मागून आणली होती, कारण चढ आहे आणि तुमच्याकडे सामान असेल. मी लिहिलेली गाडी आली, कोणी उतरलं नाही. ती पुढच्या गाडीला थांबली. त्याच्या पुढच्याही. खाली एक फोटो होता, शेजाऱ्यानं काढलेला. प्लॅटफॉर्मवर निळ्या कोटातली बाई, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर माझं ते माऊसनं काढलेलं "नमस्कार", वळणावळणासकट नक्कल केलेलं.

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं होतं, तुमच्यापैकी कोणी आजारी तर नाही ना? मी स्टेशनमास्तरांना विचारलं, वाटेत काही अपघात झालाय का.

मी लॉग आऊट केलं. उत्तर दिलं नाही. तिच्या अजून दोन मेल आल्या, नाताळात एक. त्यात पण तेच, तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे. मी एकीलाही उत्तर दिलं नाही. ताई परत आली, सगळ्यांना अल्बम दाखवला, मी चहा दिला, आणि तीन वर्षं गेली.

म्हणून आज ताईनं पासवर्ड मागितला तेव्हा पहिला विचार काय आला? डिलीट. सगळं सिलेक्ट करून डिलीट, आणि मग पासवर्ड द्यायचा. दाजींनी जुना कॉम्प्युटर आमच्याकडे दिलाय, त्यावर अकाउंट उघडलं, सगळ्या मेलवर टिक केली, बटणावर माऊस नेला. पण त्याच्या आधी एकदा वाचू म्हटलं, आणि वाचायला नको होतं. ती स्टेशनमास्तरची ओळ.

मग मी तिला लिहिलं. जे आहे ते. माझं लग्न झालेलं नाही, मी धाकटी, मी जळत होते, माझ्या बहिणीला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, सॉरी. पाठवलं. आणि लगेच ताईला फोन लावून सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाली, "ती गाडी तिच्या स्टेशनवर थांबली होती?"

"दोन मिनिटं."

"म्हणजे आम्ही आत बसलेलो, आणि ती बाहेर... मूर्ख आहेस तू. गाढव आहेस. मला सांगायचं ना, मी काय तुझी बाई खाल्ली असती?"

"सॉरी."

"सॉरी तिला म्हण."

"म्हटलं. आत्ताच लिहिलंय."

"बरं. पासवर्ड सांग. ती बोलावते की नाही ते मी बघते. बोलावलं तर सगळ्यात आधी तिच्याकडे जाणार आम्ही. मी तिच्यासाठी पैठणीचा बटवा घेऊन जाईन. तिला कुठला रंग आवडतो?"

हिरवा. मला माहीत होतं, तिनंच लिहिलं होतं. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. पुन्हा तसंच पेटलं आतून! आता ताई तिच्या स्वयंपाकघरात बसणार, ताई तो रोल खाणार, आणि बाईचं उत्तर आलंच तर ते माझ्या आधी ताई उघडणार, कारण अकाउंट तिच्या नावाचं. मी म्हटलं, "माहीत नाही गं." मग दोन सेकंदांनी म्हटलं, "हिरवा." आणि पासवर्ड दिला.

चारला पाच कमी आहेत. पटकन सांगा, तुमचं झालंय का कधी असं? जळायचं घरातल्या माणसावर, आणि त्यात भलत्याच कुणाला तरी ताटकळत उभं करून ठेवायचं? आणि कबूल केल्यावर तरी थांबलं का हो तुमचं जळणं? माझं नाही थांबलेलं अजून.