बाफळीचा वाळका दांडा

आमच्या आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात रानभाजी आणणं हे बायांचं काम. पुरुषानं खायची आणि मीठ कमी म्हणून कुरकुरायचं. मीही जन्मभर तेच केलं.

औंदा बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं खाणंच सुटलं. भाकरीचा तुकडा मोडायची, ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर उभ्या राहणार नाहीत. पाऊस लागून आठवडा झाला तेव्हा एकदाच बोलली, "बाफळीची भाजी असती तर खाल्ली असती."

सून लोणीकडची, बागायतातली. तिला बाफळी कुठली ठाऊक? म्हटलं, "मी आणतो."

"तुमी? वळखाल तरी का?" बायको पडल्या पडल्या म्हणाली.

"त्याच कड्यावर गुरं राखली मी."

वर गेलो आणि अडलो. मला ठाऊक ती भादव्यातली बाफळी, कमरेएवढी, पिवळ्या फुलांच्या छत्र्या धरलेली. आता सगळंच कोवळं हिरवं, एकासारखं एक. पलीकडं शेजारच्या बाया भाजी खुडत होत्या. एकीनं हटकलं, "बाबा, काय हुडकताय?"

"बैल," म्हटलं. बैल कधीच विकलेत, हे तिलाही माहीत.

त्या पुढं गेल्या. मग कपारीत एक वाळका दांडा दिसला, गेल्या साली फुललेला. शेंड्याला एक चपटं बी अडकून राहिलं होतं. चोळून हुंगलं, तर तोच उग्र वास. बाफळी मरत नाही, त्याच मुळातनं परत फुटते, एवढं मला ठाऊक. बुडाशी बोटं घातली तर कोवळी पानं. त्यातलं एक पान हातात धरून पुढची ओळखत गेलो. धोतराचा ओचा भरला. घरी आलो तर त्याच बाया बायकोच्या पलंगापासनं उठून निघाल्या होत्या.

बायको पलंगावरनं सांगत गेली, तशी सुनेनं पानं उकडली, पिळली, लसूण-मिरचीवर परतली. बायकोनं घास घेतला, सावकाश चावला.

"परत फुटायला मधला कोंब ठेवला का? का त्यो बी खुडला?"

"ठेवला. एवढं कळत न्हाई व्हय मला?"

खरं तर कोंब कपारीत खोल होते, माझी बोटंच पोचली नाहीत.

आख्खी भाकरी खाल्ली तिनं. मग कोपऱ्यातल्या वॉकरकडं हात केला.

"द्या तेवढा इकडं. पुढल्या साली भाजीला मीच जाती. तुमी आपलं बैल हुडका."