कुमुद मॅडमच्या ओळी, जशाच्या तशा

चंद्रपुरात सकाळी दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी घडी करायला घ्यावा, तर त्याच्यावर कोळशाच्या धुळीचा पातळ थर. कोणी टाकला, कधी टाकला, काही पत्ता लागत नाही. आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे किस्से असेच जमले. झटकायला गेलं की हसू येतं, आणि हात काळे होतात.

मी तिथं अटेंडंट होतो. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पास. त्याआधी बाजारातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, नाटकाची पोस्टरं, तेरवीची कार्डं. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, तेव्हा "याला छपाईतलं समजतं" म्हणून प्राचार्यांनी मला त्या खोलीत बसवलं. खोलीला एसी. कॉलेजात एसी दोनच, एक प्राचार्यांना आणि एक मशीनला. प्राचार्यांचा बिघडला की ते आमच्याकडे तपासणीला येत.

*

खोलीत जायचं तर चप्पल बाहेर, असा नियम. ऑफिसातले गुरनुले बाबू पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "बाबू, नुसती चप्पल काढून भागत नाई. पाय धुवा. तुमच्या पायाची गर्मी मशीनले चालत नाई."

बाबू नळावर पाय धुऊन आले आणि त्या गारठ्यात ओल्या पायांनी कुडकुडत उभे राहिले.

आत रामटेके सर आणि कुमुद मॅडम बसले होते. नवराबायको, दोघंही कॉम्प्युटर शिकवत. सर भिंतीकडे तोंड करून हसले. मॅडमनी कीबोर्डवरची बोटंही थांबवली नाहीत. म्हणाल्या, "बाबू, आता दशरथभाऊले म्हणा टॉवेल आणा. मशीनले ओले पायही चालत नाईत."

टॉवेल माझा गेला. नवा होता.

*

मॅडम म्हणजे धानोऱ्याकडच्या फॉरेस्ट गार्डाची पोरगी. जंगलात वाढलेली, बोलायला कोणाच्या बापाला भ्यायची नाही. पोरांसाठी त्या फोर्ट्रान नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत. त्या भाषेत एक सोय आहे. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी सी काढला की ती ओळ मशीन वाचत नाही. माणसांसाठी काही लिहून ठेवायचं असेल तर तिथं लिहायचं. बाकीचे मास्तर तिथं लिहीत, "येथे बेरीज आहे."

मॅडम इंग्रजी अक्षरांत आपली झाडीपट्टीतली बोली लिहीत. मला ती अक्षरं लावायला वेळ लागे, पण एकदा लागली की सोडवत नसत. एका ठिकाणी होतं, "इथी भागाकार आहे. खाली शून्य आलं तं मशीन रुसते. आमच्या घरी आहे तसंच." दुसऱ्या ठिकाणी, "दशरथभाऊ चहा आणाले गेले. मी हा प्रोग्रॅम लिहून, चालवून, दुरुस्त करून राह्यली. ते अजून येऊन राह्यले."

मी म्हटलं, "मॅडम, हे पोरं वाचतील ना."

"त्यासाठीच लिहिलं भाऊ. तेवढं तरी वाचतील."

*

मग मॅडमच्या पोटाचं दुखणं निघालं. नागपूरच्या खेपा सुरू झाल्या. सर मोठाले लिफाफे घेऊन परत यायचे आणि आमच्या खिडकीच्या काचेला एक्स-रे लावून बघायचे. डॉक्टरला दिसलं नाही ते आपल्याला दिसेल, असं काही तरी वाटत असेल. आम्ही कामात असल्यासारखं दाखवायचो.

मॅडम तेव्हा सागाच्या खोडाचं घनफळ काढायचा प्रोग्रॅम लिहीत होत्या. बुंध्याचा घेर सांगा, उंची सांगा, लाकूड किती ते मशीन सांगेल. त्यांच्या वडिलांनी जन्मभर जे टेपानं मोजलं, ते. अर्धा लिहिला आणि एका सकाळी नागपूरला गेल्या. मशीन बंद करताना मला म्हणाल्या, "भाऊ, याले झाकण घालून ठेवा. धूळ बसते."

परत आणलं ते बोलण्यासारखं नाही.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि सर कामावर आले. आल्या आल्या तो प्रोग्रॅम उघडला. शेवटची ओळ सीचीच होती, "इथून पुढं सोपं आहे."

पुढं काही नव्हतं.

सरांनी पडदा खाली खाली सरकवून पाहिला. मग म्हणाले, "दशरथभाऊ, काय सोपं होतं हो?"

मी आयुष्यभर कोणालाही कोणत्याही प्रश्नाचं खोटं उत्तर देत आलो. त्या दिवशी मशीनचं झाकण झटकायला बाहेर गेलो.

*

सरांनी ठरवलं, मॅडमच्या सगळ्या प्रोग्रॅमचं पुस्तक करायचं. कॉलेजनं छापायचं, पोरांनी वापरायचं, वर मॅडमचं नाव. मुंबईच्या एका दोस्ताकडून ते फ्लॉपी घेऊन आले. त्यात टेक नावाची भाषा होती. ती म्हणजे मशीनच्या पोटात बसलेला छापखाना. तुम्ही मजकूर द्या, मध्ये मध्ये हुकूम द्या, ती पानं लावून देते.

पहिलं पान निघालं आणि सरांचा चेहरा उतरला. मॅडमनी ओळींच्या आधी, मध्ये, मोजून जागा सोडलेल्या. टेकनं सगळ्या खाऊन टाकल्या आणि अख्ख्या प्रोग्रॅमचा एक परिच्छेद केला, शेवटच्या एसटीत माणसं कोंबावी तसा. टक्क्याची खूण दिसली की पुढची ओळच गडप. डॉलर दिसला की पुढची अक्षरं तिरपी.

"याला वाटतं हे सगळे आपल्यालाच दिलेले हुकूम," सर म्हणाले. "तिनं जागा सोडली तिथं जागा पाहिजे मले."

मी म्हटलं, "मंग सांगून द्या ना त्याले. बाईचं सामान आहे, हात लावू नको."

मी गंमत केली होती. सरांनी तेच करायला घेतलं. कित्येक दिवस ते टेकला स्वतःचे नवे हुकूम शिकवत बसले. त्याला मॅक्रो म्हणतात. मला समजावून सांगताना म्हणाले, "भाऊ, या भाषेत काही खुणा साहेब आहेत. त्या दिसल्या की मशीन उठून उभं राहते. मी काय केलं, तिचा मजकूर सुरू झाला की सगळ्या साहेबांना सस्पेंड. टक्का, डॉलर, तिरपी रेघ, सगळे साधे शिपाई. फक्त रांगेत उभं राहायचं."

"आणि मजकूर संपला हे कोण सांगणार? सांगणारा साहेबच सस्पेंड."

"तिच्या प्रत्येक प्रोग्रॅमची शेवटची ओळ इंग्रजीत एंड असते. त्याशिवाय प्रोग्रॅम पुराच होत नाही. एकट्यानं उभा असलेला एंड दिसला की सगळे पुन्हा ड्युटीवर."

गुरनुले बाबू दारातून ऐकत होते. म्हणाले, "सर, आमच्या ऑफिससाठी अशी सोय होते का?"

*

मॅक्रो झाला तरी सरांचा विश्वास बसेना. मॅडमच्या हयातीत निघालेला जुना कागद आणि टेकमधून निघालेला नवा कागद ते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावत. मागून ऊन येई. जागेवर जागा, ओळीखाली ओळ बसली का ते बघत. एक जागा इकडे तिकडे झाली तर पुन्हा मॅक्रो उघडत.

एकदा गुरनुले बाबू सही घ्यायला आले. त्यांना पाठमोरे सर आणि काचेवरचे कागद तेवढे दिसले.

"कोणाचा एक्स-रे हाय सर?"

सर मागे वळले नाहीत. म्हणाले, "घरच्यांचा."

बाबू सही न घेताच गेले. त्या दिवशी मी त्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. कॉलेजात कोणाला खरं वाटलं नाही.

*

अर्धं पुस्तक प्राचार्यांकडे गेलं आणि लाल होऊन आलं. सीच्या एकूण एक ओळीवर काट. सोबत बोलावणं. मी फाइल धरून सरांच्या मागे उभा.

प्राचार्य तसे सरळ माणूस. नियमाबाहेर श्वास घेत नसत. म्हणाले, "रामटेके, प्रोग्रॅम उत्तम आहेत. पण हे काय? नवऱ्याचा रुसवा, शिपायाचा चहा. हे पाठ्यपुस्तक आहे की आठवडी बाजार?"

सर म्हणाले, "सर, त्या ओळी मशीन वाचत नाही."

"मी वाचतो ना."

आणि त्यांनी एक पान उलटून समोर धरलं. त्यावर मॅडमनी लिहिलं होतं, "प्राचार्य सर आले. त्यांचा एसी बिघडला असन. सगळ्यांनी थंड राहा."

मी फाइल तोंडासमोर धरली. सरांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. कितीतरी महिन्यांनी हसत होते. मग ते हसणं कुठल्या जागी मोडलं ते मला मागून नीट दिसलं नाही. आवाज मात्र आला.

प्राचार्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. म्हणाले, "पूर्ण करून आणा. मग ठरवू काय ठेवायचं."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एक ओळ कापली तरी मी पुस्तक मागं घेणार, भाऊ."

*

शेवटी सागाचा प्रोग्रॅम लावायचा दिवस आला. दुपारची वेळ, सर, मी, आणि पुस्तक प्राचार्यांकडे न्यायला थांबलेले गुरनुले बाबू.

त्या प्रोग्रॅमला एंड नव्हता. त्यामुळे मशीनला तो संपल्याचं कळेना. त्याच्या पुढं सरांनी लिहिलेलं आभाराचं पानही मशीननं मॅडमचंच समजून छापून टाकलं, हुकमांसकट, तिरप्या रेघांसकट.

बाबू म्हणाले, "सर, खाली एंड टाकून द्या ना. एक शब्द तर आहे."

"तिनं टाकला नाही."

सरांनी आपलं आभाराचं पान उचलून पुस्तकाच्या सुरुवातीला नेलं. "तिच्यानंतर मले काही बोलायचं नाही," म्हणाले. आता सागाचा प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी. पुन्हा चालवलं. मशीन "इथून पुढं सोपं आहे"पर्यंत आलं आणि थांबलं. काळ्या पडद्यावर एक चांदणी उमटली. सरांनी एंटर दाबलं. मशीननं इंग्रजीत एक ओळ लिहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही तरी हुकूम द्या, नाहीतर एंड म्हणा, म्हणते."

सरांनी पुन्हा एंटर दाबलं. मशीननं पुन्हा तेच विचारलं. सरांनी पुन्हा एंटर दाबलं. ओरडले नाहीत, रडले नाहीत. मशीन विचारी आणि सर एंटर दाबत. दारात कोणी वसुलीला आल्यावर घरच्या माणसानं "बसा, येतीलच" म्हणावं, तसं. मी चहा आणला, तो गार झाला. बाबू उभ्याचे बसले. मग मी कप उचलून बाहेर गेलो, बाबूंनाही खुणेनं नेलं. आत काय झालं ते आम्ही पाहिलं नाही. परत आलो तेव्हा प्रिंटर खरखर करत होता.

पुस्तक घेऊन आम्ही तिघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी लाल पेन उघडून हातात धरलं आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. मध्ये घंटा झाली, ते उठले नाहीत. स्वतःच्या एसीची ओळ आली, तिथं जरा थांबले, पान उलटलं. सागाच्या खोडापाशी आले. "इथून पुढं सोपं आहे." पान उलटलं, कोरं. पुढचं कोरं. पानं चिकटली असतील म्हणून त्यांनी बोट ओलं करून चोळून पाहिलं. त्याच्या पुढचंही कोरं. सरांनी एंटर दाबून सोडलेली एकेक रिकामी ओळ मॅक्रोनं जागच्या जागी ठेवली होती. प्राचार्य एकेक पान उलटत गेले, वाचल्यासारखी नजर वरून खाली नेत. सगळ्यात शेवटच्या पानावर, मधोमध, एंड एवढा एकच शब्द.

मॅडमच्या पानांवर सर नंबर टाकत नसत. तिच्या पानावर आपला आकडाही नको, म्हणत.

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. गठ्ठा टेबलावर आपटून चारी बाजूंनी सारखा केला आणि सरांच्या हातात दिला.

"कोऱ्या पानांवरही नंबर टाका, रामटेके," ते म्हणाले. "नाहीतर बाइंडर काढून टाकेल."